थंडीच्या रात्रीचा ऊर्जेचा हिशेब : कळमेश्वर रस्त्यावरील गोठ्यातील प्रकल्प नोंदी

२६ नोव्हेंबर

विदर्भात जनावरांच्या बाबतीत हवामानाचा विचार होतो तो बहुतेक उन्हाळ्यापुरता. मे महिन्यात म्हशींवर पाणी मारायचे, छपरावर पऱ्हाट्या टाकायच्या, चारा रात्री द्यायचा, हे इथल्या प्रत्येक गोठ्यात ठाऊक असते. हिवाळा मात्र जनावरांना मानवणारा काळ म्हणून सोडून दिला जातो. मोठ्या जनावरांपुरते ते बरोबरही आहे. परंतु नागपूर समुद्रापासून दूर आहे, हिवाळ्यात आकाश निरभ्र असते आणि हवा कोरडी, त्यामुळे दुपारी २७-२८ अंशांवर असलेला पारा पहाटे १० अंशांवर किंवा त्याच्याही खाली उतरतो. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर शहरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. नागपुरी म्हशींचा विण्याचा हंगाम पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून हिवाळ्यापर्यंत चालतो, म्हणजे वर्षातले सर्वांत थंड आठवडे आणि गोठ्यातली सर्वांत लहान जनावरे एकाच वेळी येतात. या प्रकल्पाचा विषय तोच आहे: एका थंड रात्रीची किंमत कोणत्या जनावराला ऊर्जेच्या रूपात किती मोजावी लागते आणि ती किंमत दूध, कुटार (कोरडा भुसा) आणि चुनीच्या (डाळीचा चुरा) भाषेत कशी मांडता येईल.

गोठा कळमेश्वरच्या रस्त्याला आहे. नागपुरी म्हशी, काही संकरित गाई, एक गवळाऊ जोडी, बेरारी शेळ्या आणि सध्या तरी बरीच वासरे व वगारी (म्हशीची मादी पिले). गोठ्याचे मालक, ज्यांना सगळे काकाजी म्हणतात, यांनी मोजमापाला मनापासून होकार दिला आहे. आज कमाल-किमान तापमापक तीन ठिकाणी बसवले: एक बाहेर उघड्यावर, एक पत्र्याच्या छपराखाली माणसाच्या उंचीवर आणि एक वासरांच्या कोपऱ्यात जमिनीपासून वीतभर वर. तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे, कारण वासराची रात्र तिथे जाते.

२ डिसेंबर

हिशेबाचा पाया आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या नोंदींत तो पुन्हा सांगावा लागणार नाही.

प्रत्येक उष्णरक्ती प्राण्याला तापमानाचा एक पट्टा असा असतो की त्यात शरीर नेहमीच्या तापमानावर (गाई-म्हशींत ३८-३९ अंश) ठेवण्यासाठी जास्तीचे काहीच जाळावे लागत नाही; पचन, हृदयाचे ठोके, श्वसन आणि दूध तयार करणे या कामांतून जी उष्णता आपोआप निघते तीच पुरते. या पट्ट्याच्या आत थंडी वाढली तर जनावर केवळ खर्च आवरते: कातडीकडे जाणारे रक्त कमी करते, केस उभे करते, पाय पोटाखाली घेऊन बसते. पट्ट्याची खालची सीमा ओलांडली की मात्र हे उपाय अपुरे पडतात आणि शरीराला केवळ उष्णतेसाठी इंधन जाळावे लागते. तिथून पुढे प्रत्येक अंशागणिक ऊर्जेची गरज वाढत जाते.

ही सीमा हवामान खात्याच्या आकड्यात नसते, ती जनावरात असते. नुकत्याच जन्मलेल्या वासराची सीमा साधारण १५ अंशांच्या आसपास मानली जाते. भरपूर खाणाऱ्या आणि भरपूर दूध देणाऱ्या विदेशी गाईची सीमा शून्याच्याही बरीच खाली असते. लोकरीने भरलेल्या मेंढीला थंड प्रदेशातला हिवाळा सोसतो, तीच मेंढी नुकतीच कातरली तर तिची सीमा एकदम पंचविशीच्या जवळ येते. डुकराच्या नवजात पिलाला ३४ अंश लागतात. म्हणजे ११ अंशांची एकच रात्र गाईला सुखाची आणि तिच्या शेजारी बांधलेल्या वासराला महागडी असू शकते.

एक सावधगिरी आवश्यक आहे. गाईंबद्दलचे बहुतेक आकडे समशीतोष्ण देशांतल्या जाड केसांच्या जनावरांवर काढलेले आहेत. आपल्या देशी गाईंचे केस आखूड, कातडी पातळ आणि विश्रांतीच्या स्थितीतील चयापचय तुलनेने मंद असतो. हे सगळे गुण उन्हाळ्यासाठी आहेत आणि त्यामुळेच त्यांची थंडीतली सीमा थोडी वर सरकते. म्हशीचे तर केसच विरळ. म्हणून परदेशी कोष्टके मी दिशा समजण्यासाठी वापरणार आहे, अंतिम उत्तर म्हणून नाही.

९ डिसेंबर

पहाटेचे किमान तापमान: बाहेर ११, छपराखाली १३, वासरांच्या कोपऱ्यात १२.

आज काकाजींच्या मुलासोबत वासरांचे वजन केले आणि संध्याकाळी बसून आकारमानाचा हिशेब मांडला. उष्णता तयार होते शरीराच्या वस्तुमानात आणि निसटते पृष्ठभागातून. ४०० किलोच्या गाईचे वजन २५ किलोच्या वासराच्या सोळापट असते, पण तिची कातडी सोळापट नसते. भूमितीने ती साधारण सव्वासहापट निघते. उलट बाजूने पाहिले तर वासराला दर किलो वजनामागे गाईच्या अडीचपट पृष्ठभाग सांभाळावा लागतो. माक्स क्लायबर यांनी १९३२ साली दाखवून दिले की लहान-मोठ्या प्राण्यांचा मूलभूत चयापचय वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात बदलतो, आणि आजही पशुपोषणाची बहुतेक कोष्टके याच घातावर उभी आहेत. २५ चा पाऊण घात सुमारे ११.२ येतो. तान्ह्या वासराला केवळ जगण्यासाठी या आकड्याच्या शंभरपट किलोकॅलरी लागतात असे धरले, तर आपल्या वासराची रोजची किमान गरज सुमारे ११२० किलोकॅलरी ठरते. यात वाढ नाही, खेळणे नाही, थंडीही नाही.

१४ डिसेंबर

रात्री एक म्हैस व्याली, वगार झाली. मी मुक्कामाला होते म्हणून पहिल्या तासाची नोंद नीट करता आली.

वगार जमिनीवर आली तेव्हा छपराखाली १२ अंश होते. आईच्या पोटातल्या ३९ अंशांतून एका क्षणात सत्तावीस अंश खाली, आणि तेही अंगभर ओल घेऊन. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, आणि शिवाय ते उडून जाताना स्वतंत्र किंमत घेते: कातडीच्या तापमानाला एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. ही सगळी उष्णता अंगातूनच जात नसली तरी बरीचशी तिथूनच जाते.

म्हशीने चाटायला सुरुवात केली होती. काकूंनी कोरडा बारदाना घेऊन वगारीची पाठ, मान आणि कुशी चोळायला घेतल्या. चोळण्याची दिशा केसांच्या उलट, म्हणजे केस उभे राहून मोकळे होतात आणि त्यांच्यात हवा धरली जाते. बारदाना वापरण्याआधी मी ताणकाट्यावर तोलून ठेवला होता. चोळून झाल्यावर तो ३०० ग्रॅमने जड भरला. हे ३०० ग्रॅम पाणी अंगावरच वाळले असते तर सुमारे १७५ किलोकॅलरी घेऊन गेले असते. २८ किलोच्या वगारीच्या दिवसभराच्या किमान गरजेचा हा सातवा हिस्सा होतो, आणि तो वाचला पाच-सात मिनिटांच्या चोळण्याने.

नाळेला टिंक्चर आयोडीन लावले. तासाभराने गुदद्वाराचे तापमान ३८.१ अंश होते आणि अंग थरथरत होते. काकाजींनी विचारले, "ताई, बारदाना बांधला ना हिले, तरी काऊन कापून राह्यली?" कोरडा बारदाना उष्णता निसटू देत नाही, पण तयार करत नाही, इंधन आतूनच यावे लागते, म्हणून लगेच चीक पाजायला घेतला. वगार स्वतः उभी राहून आचळ शोधू शकत नव्हती, तेव्हा काकूंनी चीक काढून बाटलीने पाजला. दोन तासांनी तापमान ३८.६ अंश होते आणि थरथर थांबली होती.

चिकाचा विचार आपल्याकडे रोगप्रतिकारशक्तीच्या अंगाने होतो आणि तो योग्यच आहे, कारण आतड्यातून प्रतिपिंडे शोषली जाण्याचे दार चोवीस तासांत बंद होते. परंतु थंड रात्री चीक हे पहिले इंधनही असते. गाईच्या पहिल्या चिकात स्निग्धांश नेहमीच्या दुधापेक्षा बराच जास्त असतो, आणि जन्मतः यकृतात असलेला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा न पाजलेल्या वासरात एका दिवसाच्या आत संपत येतो.

१५ डिसेंबर

कालच्या थरथरण्याबद्दल आणखी थोडे. स्नायूंच्या थरथरीतून उष्णता मिळते, पण वासरे, करडे आणि कोकरे यांच्याकडे जन्मतः दुसरीही सोय असते. मूत्रपिंडांभोवती आणि अन्यत्र तपकिरी चरबीचे थर असतात. साध्या पांढऱ्या चरबीतून मिळणारी ऊर्जा पेशी आधी एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या रूपात साठवते आणि मग कामाला वापरते. तपकिरी चरबीच्या मायटोकाँड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरांत) मात्र यूसीपी-१ नावाचे प्रथिन प्रोटॉनांना आडवाटेने परत सोडते, त्यामुळे एटीपी न बनता सगळी ऊर्जा थेट उष्णतेत जाते. थंडीची जाणीव झाली की मज्जातंतूंतून नॉरएपिनेफ्रिन हे संदेशवाहक रसायन सुटते, ते ही चरबी पेटवते. थायरॉइडचे संप्रेरक या यंत्रणेची क्षमता वाढवते. नवजात कोकरू अशा रीतीने काही काळ आपल्या विश्रांतीच्या पातळीच्या सुमारे पाचपट उष्णता निर्माण करू शकते. डुकरांच्या वंशात यूसीपी-१ चे जनुक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी निकामी झाले, म्हणून त्यांच्या पिलांना केवळ थरथरीवर भागवावे लागते आणि म्हणूनच ती आईच्या पोटाशी एकावर एक चढून झोपतात.

ही तपकिरी चरबी पहिल्या काही आठवड्यांत पांढरी होत जाते. गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत आई अर्धपोटी राहिली असेल तर वासरू मुळातच थोडी शिदोरी घेऊन येते. म्हणजे जानेवारीतल्या वगारीचा हिशेब नोव्हेंबरमध्येच म्हशीच्या गव्हाणीत सुरू झालेला असतो.

गोठ्यातल्या फळ्यावर एक सूचना आज लिहून ठेवली: थरथरणारे वासरू झगडत आहे, थंड पडूनही थरथरत नसलेले वासरू अधिक धोक्यात आहे, कारण त्याचे इंधन संपले आहे. तोंडात बोट घालून पाहावे. तोंड थंड आणि चोखण्याची ओढ नाही, तर तापमान मोजून ३७.८ च्या खाली असल्यास आधी ऊब द्यावी, आणि गिळण्याची ताकद येईपर्यंत बाटली जबरदस्तीने लावू नये.

२१ डिसेंबर

किमान: बाहेर ९, छपराखाली ११, कोपऱ्यात १०.

प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब आज पूर्ण झाला. २५ किलोच्या संकरित वासराला सध्या सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन लिटर गाईचे दूध मिळते. लिटरला सुमारे ७०० किलोकॅलरी धरल्या तर १४०० होतात, त्यातल्या शरीराच्या उपयोगी पडतात सुमारे १३००. किमान गरज ११२०. सुखाच्या हवेत वाढीसाठी १८० उरतात.

आता थंडी जोडून पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००१ सालच्या कोष्टकात तीन आठवड्यांच्या आतील वासराची गरज १० अंशांवर सुमारे २७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे आपल्या वासराला रोज जवळपास ३०० किलोकॅलरी अधिक लागतील. हे कोष्टक अखंड १० अंश गृहीत धरते. नागपुरात दुपारी ऊन असते, म्हणून मी अर्धी वाढ धरली, १५० किलोकॅलरी. १८० तून १५० गेले, उरले ३०. तीसमध्ये वासरू जगते, पण वाढत नाही. शिवाय अंगात येणारा कफ, हगवण, गोचिडांचा उपद्रव यांच्याशी लढायलाही हाती काही राहत नाही. हिवाळ्यात वासरे "धरत नाहीत" अशी जी तक्रार गोठ्यागोठ्यांत ऐकू येते, तिचे एक कारण या वजाबाकीत आहे असे माझे मत आहे. ती वासरे थंडीने आजारी पडलेली नसतात, त्यांच्या वाट्याचे दूध रात्र पिऊन टाकते.

दुसरी गोष्ट वेळेची. संध्याकाळचे दूध पाचला आणि सकाळचे सहाला, म्हणजे तेरा तासांचे अंतर, आणि ते तेरा तास नेमके सर्वांत थंड. दुधाचे एकूण माप तेच ठेवून वेळा बदलल्या तरी पहाटेच्या रिकाम्या पोटाचा काळ कमी होतो; रात्री नऊ-साडेनऊला अर्धा लिटर कोमट दूध वाढवून दिले तर वाढीसाठीही सव्वातीनशे किलोकॅलरी मिळतात. तिसऱ्या पाजण्याचा प्रस्ताव आज काकाजींपुढे ठेवला. ते लगेच हो म्हणाले नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे, कारण ते अर्धा लिटर दूध विकाऊ आहे.

२७ डिसेंबर

आजची नोंद मोठ्या जनावरांची.

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि त्यातून अॅसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक आम्ले तयार होतात. जनावराची बहुतांश ऊर्जा याच आम्लांतून येते. या आंबण्यात आणि नंतरच्या चयापचयात बरीच उष्णता सुटते. तंतुमय चाऱ्यातून ती धान्यापेक्षा जास्त सुटते. मे महिन्यात हीच उष्णता म्हशीच्या जिवावर येते, म्हणून ती दुपारी कुटाराला तोंड लावत नाही; डिसेंबरच्या रात्री तीच उष्णता तिची शेगडी असते. चारा खाल्ल्यानंतर चार-सहा तास ती चढती राहते, म्हणून कडब्याची कुट्टी आणि तुरीचे कुटार संध्याकाळी उशिरा, दूध काढून झाल्यावर पोटभर द्यायचे आणि खुराक सकाळच्या दुधाला ठेवायचा, एवढा बदल सुचवला. काकाजी आजवर सकाळी जास्त आणि संध्याकाळी कमी वैरण टाकत होते. त्यांनी तो क्रम आजपासून उलटवला.

ढेपेबद्दलही बोलणे झाले. थंडी वाढली की सरकी ढेप वाढवायची अशी इथे पद्धत आहे. थंडीत वाढते ती गरज प्रामुख्याने ऊर्जेची, प्रथिनांची नव्हे. जास्तीचे प्रथिन यकृताला मोडावे लागते आणि त्यातला नायट्रोजन युरिया होऊन मूत्रातून जातो. त्याच पैशांत मक्याचा भरडा किंवा तूर-हरभऱ्याची चुनी अधिक उपयोगी पडते, आणि चुनीला नागपूरच्या आसपास तोटा नाही.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९७० च्या दशकात झालेल्या कामातून आणखी एक बाब पुढे आली: दीर्घ थंडीत पोटाची हालचाल वाढते, चारा लवकर पुढे सरकतो आणि म्हणून तो कमी पचतो. तिथली थंडी आपल्याकडे नाही, त्यामुळे हा परिणाम इथे ठळक दिसेल असे मला वाटत नाही.

पाण्याचे मात्र इथे मोजता आले. सिमेंटच्या टाक्यातले पाणी पहाटे १४ अंश होते, बोअरचे ताजे पाणी २६. एका म्हशीने दिवसाला ४० लिटर पाणी टाक्यातून प्यायले तर ते अंगाच्या तापमानाला आणायला सुमारे ९८० किलोकॅलरी लागतात. बोअरच्या पाण्याला ५००. चांगले खाणाऱ्या म्हशीला ही उष्णता आंबण्यातून फुकट मिळते, त्यामुळे खुराक वाढवण्याचे कारण नाही. खरा तोटा वेगळा आहे: गार पाणी जनावर कमी पिते आणि पाणी कमी झाले की दूध घटते. पहाटे पंप आधी चालवावा आणि मग जनावरे सोडावीत, हा बिनखर्चाचा उपाय ठरला.

३ जानेवारी

किमान: बाहेर ८, छपराखाली ९, कोपऱ्यात ८.

छप्पर असूनही वासरांचा कोपरा बाहेरइतकाच थंड का, याचा शोध घेतला. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतो, आणि खालचे जनावर त्या गार पत्र्याकडे आपली उष्णता फेकत राहते. पहाटे जनावरांच्या श्वासाची वाफ पत्र्याच्या आतून थेंबांच्या रूपात धरते आणि नेमकी वासरांच्या पाठीवर टपकते. पत्र्याखाली तुराट्यांचे तट्टे बांधल्यावर टपकणे थांबले. उत्तरेच्या बाजूला वासराच्या पाठीपेक्षा थोडा उंच असा आडोसा केला आणि त्यावरची जागा मुद्दाम मोकळी ठेवली. गोठा चहूबाजूंनी ताडपत्रीने बंद केला की मूत्राचा अमोनिया आत कोंडतो आणि फुप्फुसे बिघडतात. खाली गव्हाच्या कुटाराचा जाड थर टाकला, इतका की बसलेल्या वासराचे पाय त्यात झाकले जातील.

म्हशींची आंघोळ पहाटेच्या दुधाआधी होत असे. ती दुपारी बारानंतर नेली. सकाळी फक्त कास कोमट पाण्याने धुऊन कोरडी पुसायची.

८ जानेवारी

शेजारच्या ब्रॉयलर शेडवर थोडा वेळ गेले. पिलांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश लागतात आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करायचे असतात. पक्ष्यांत तपकिरी चरबी नसते. थोड्या मोठ्या कोंबड्यांत थंडीचा परिणाम वेगळ्या वाटेने येतो: चयापचय वाढतो, ऑक्सिजनची मागणी वाढते, फुप्फुसांतील रक्तदाब चढतो, हृदयाची उजवी बाजू थकते आणि पोटात पाणी होते. हा विषय स्वतंत्र प्रकल्पाचा आहे, इथे यापुढे वाढवत नाही.

१६ जानेवारी

काल दुपारपासून ढग आणि रात्री अवकाळी पाऊस. किमान १५ अंश, म्हणजे आकड्याने या महिन्यातली सर्वांत उबदार रात्र. तरीही सकाळी शेळ्या कुबड काढून उभ्या होत्या आणि दोन करडे गार लागली. थंड देशांतल्या मांसल गाईंवर असे दिसून आले आहे की जाड, कोरड्या केसांची गाय उणे ८ अंशांपर्यंत जास्तीची ऊर्जा न जाळता राहते, तर तीच गाय भिजली की सीमा १५ अंशांवर येते. केसांतली हवा गेली की केस निरुपयोगी होतात. बेरारी शेळीचे केस आखूड आणि अंग सडपातळ, तेव्हा तिचा प्रश्न अधिकच नाजूक. करडे पुसून आईला पाजायला लावली. दुपारपर्यंत दोन्ही उड्या मारत होती. नोंदवहीत आजपासून "अंग कोरडे की ओले" हा रकाना किमान तापमानाच्या आधी आला आहे.

२४ जानेवारी

रात्रीचे दूध सुरू केलेल्या वासरांची वजने मागील आठवड्यांपेक्षा बरी भरत आहेत. याच काळात आडोसा झाला, कुटाराचा थर झाला, वासरेही मोठी झाली, म्हणून सगळे श्रेय दुधाला देता येत नाही आणि मी ते देणारही नाही. पुढच्या हिवाळ्यात हे बदल वेगवेगळे करून पाहावे लागतील.

काकाजींशी आज शेवटचे ठरले. तिसरे पाजणे सरसकट नाही. तीन आठवड्यांच्या आतील प्रत्येक वासराला आणि वगारीला, आदल्या पहाटे कोपऱ्यातला तापमापक १२ च्या खाली गेला असेल तर, आणि नर-मादी असा भेद न करता. शेवटची अट मी घातली, कारण गोठ्यात हल्याच्या (म्हशीच्या नर पिलाच्या) वाट्याला नेहमी उरलेले येते आणि त्याची कातडी काही वेगळी नसते. त्याहून मोठ्या वासरांना रात्री दुधाऐवजी मऊ चारा आणि मूठभर चुनी. काकूंनी रात्रीच्या दुधासाठी वेगळे मापटे काढून ठेवले आहे. तापमापक वाचण्याचे काम काकाजींच्या मुलाकडे दिले असून फेब्रुवारीत गारपिटीची शक्यता असल्याने तो नोंदी महिनाअखेरपर्यंत चालू ठेवणार आहे.